पाच सामने आणि एक ठोसा

चेंडू हातातही झेलायचा, अशा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे अ‍ॅम्ब्रोज टकवेल मोठ्या मैदानावर पाचच सामने खेळला, तेही एका माणसावर डोळा ठेवून.

मेलबर्नच्या नदीकाठी कातडी कमावण्याच्या कारखान्यात तो आणि थोरला भाऊ लायनेल कामाला होते. खेळाडू खरा लायनेल. तिघांच्या डोक्यावरून उडी घेऊन तो चेंडू झेलायचा. १९०१च्या हिवाळ्यात तो असाच हवेत असताना समोरच्या संघातल्या सेप्टिमस गॉरीने चेंडूकडे न बघता त्याच्या गुडघ्यावर खांदा घातला. पंचांना काही दिसलं नाही. लायनेलचा पाय जन्माचा वाकडा झाला. गॉरी एकदाही भेटायला फिरकला नाही.

अ‍ॅम्ब्रोज अंगाने थोराड, खेळात बेताचा. दोन वर्षं तो कामावरून सुटला की नदीकाठाने धावला, लायनेलकडून झेल शिकला. एवढी हौस कुठून आली, असं लायनेलने विचारलं, तेव्हा तो पुन्हा चेंडू आणायला धावला.

शेवटी त्याला संघात घेतलं. चार सामने तो खाली मान घालून खेळला. पाचव्यात समोर गॉरीचा संघ होता. शेवटची काही मिनिटं उरली, संघ तीन गुणांनी मागे, आणि चेंडू अ‍ॅम्ब्रोजच्या हातात आला. पुढे गोल मोकळा. एक लाथ, सहा गुण, सामना खिशात. तेवढ्यात डावीकडून गॉरी धावत आला. अ‍ॅम्ब्रोजने चेंडू टाकून दिला आणि मूठ आवळली.

गॉरी आडवा झाला. अ‍ॅम्ब्रोज त्याच्यावर वाकून म्हणाला, "हा लायनेलच्या गुडघ्याबद्दल."

मोडलेल्या जबड्यातून गॉरीने कसंबसं विचारलं, "कोण लायनेल?"

सामना गेला. अ‍ॅम्ब्रोजवर जन्माची बंदी आली, सोबत्यांनी बोलणं टाकलं. घरी लायनेलने वाकडा पाय स्टुलावर टेकवला. मग म्हणाला, "गोल मोकळा होता रे. मी आधी तो मारला असता, मग त्याला."

अ‍ॅम्ब्रोजला गोलाचं काही वाटलं नाही. त्याला डाचत राहिला तो गॉरीचा प्रश्न.

पुढच्या हंगामात गॉरी पुन्हा त्या मैदानावर आला, तेव्हा अ‍ॅम्ब्रोज लायनेलला घेऊन फाटकाशीच उभा होता.

"हा लायनेल," तो म्हणाला. "नीट बघून घे."

गॉरीने त्या पायाकडे पाहिलं, नजर खाली घातली आणि आत गेला. त्यानंतर दर शनिवारच्या सामन्याला, मैदान कुठलंही असो, तो मागच्या फाटकाने ये-जा करू लागला. अ‍ॅम्ब्रोजला हे कळायला एकच शनिवार लागला. पुढच्या खेपेला दोघे भाऊ मागच्या फाटकाशी उभे होते.