गच्चीवरची राखण

आई गेल्यावर दीड महिन्यानं अप्पा, म्हणजे माझे वडील, जुळे सोलापुरात माझ्याकडे राहायला आले. सोबत एक पिशवी, एक घोंगडी आणि एक बॅटरी. मी म्हटलं, "अप्पा, इथं लाईट एवढी जात नाही, बॅटरी कशाला?"

"ऱ्हाऊ दे की. तुजं काय खाती का ती?"

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात ज्वारी पिकवण्यात त्यांचा जन्म गेला. मी त्यांची एकुलती. लग्न केलं नाही, कॉलेजात फिजिक्स शिकवते. रान चुलतभावाला वाट्यानं दिलं आणि अप्पांना घेऊन आले. पण ते आले होते ते पाहुण्यासारखे. खुर्चीच्या कडेला बसायचे, पाणी हवं असलं तरी मागायचे नाहीत, आणि दर आठ दिवसांनी विषय काढायचे, "जातो मी आता गावाकडं." तिथं होतं कोण? रिकामं घर आणि कुलूप. छातीचं दुखणं होतं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मला ते माझ्याजवळ हवे होते, इतकंच. हे सरळ तोंडानं सांगायला मात्र मला कधी जमलं नाही. मी मुळात तापट, त्यामुळे माझ्या तोंडून यायचं ते असं, "जायचंय तर जा, मी काय बांधून ठेवलंय का!"

त्यांना थांबवलं ते माझ्या दुर्बिणीनं.

गच्चीवर मी पत्र्याची एक खोली करून घेतली आहे. तिचं छप्पर रुळांवरून सरकतं, लोखंडी गेटची असतात तसली चाकं खाली आहेत. आत आठ इंची आरशाची दुर्बीण आणि तिच्या पाठीला कॅमेरा. आकाशाचा फोटो एका क्लिकमध्ये निघत नाही. पाच-पाच मिनिटांचे पन्नास-साठ फोटो काढायचे आणि ते एकावर एक रचायचे, तेव्हा कुठं तो तेजोमेघ उमटतो. तेवढा वेळ दुर्बिणीनं ताऱ्यामागं केसभरही न चुकता फिरलं पाहिजे, आणि तेवढा वेळ कुणीतरी जागं राहिलं पाहिजे. ढग आला, वारा सुटला, आरशावर दव धरलं, की छप्पर ओढून घ्यायचं. सकाळी सातला माझं प्रॅक्टिकल असायचं. मी दर शनिवारीच काय ते फोटो काढायची.

अप्पांनी दोन शनिवार हे बघितलं. तिसऱ्या शनिवारी स्वतःच म्हणाले, "तू नीज जा. मी बसतो राखणीला."

राखण हा त्यांच्या आवडीचा शब्द. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकायला माळ्यावर बसायचं, गोफण चालवायची, अंधार पडला की डुकरांसाठी जागायचं. पन्नास हिवाळे त्यांनी तसे काढलेले. आणि आमचे फोटोंचे दिवसही तेच, दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे. त्यांनी घोंगडी घेतली, बॅटरी घेतली आणि गच्चीवरची प्लास्टिकची खुर्ची धरली. झोप त्यांना तशीही कमीच होती. मोतीबिंदू होता, तरी ढग त्यांना कळायचा. तारा दिसला नाही तरी वाऱ्यातला ओलावा गालाला कळतो म्हणायचे. ढग आला की जिन्यातून हाक यायची, "पोरी, आलं बग!" मी धावत जाऊन छप्पर ओढायची. गावाकडं जायचा विषय त्या हिवाळ्यात बंदच झाला. शेजारच्या काकूंना सांगताना मी एकदा ऐकलं, "लेकीची दुर्बीन हाय वर. राखायला मी हाय, म्हनून तिला निजता येतंय."

मग मी शहाणपणा केला.

पावसाळ्यात सगळं बंदच असतं, तेव्हा दुरुस्तीची कामं काढायची माझी पद्धत आहे. त्या वर्षी दुर्बिणीचे गिअर उघडून जुनं ग्रीस पुसून नवं भरलं. एका स्विचच्या डब्यात मुंग्यांनी वारूळ केलं होतं, ते साफ केलं. अप्पांनी डब्याभोवती हळद टाकली, मुंग्या परत आल्या नाहीत. आणि मग मला वाटलं, म्हाताऱ्या माणसानं थंडीत का बसावं? उद्या छातीत भरलं म्हणजे? मी छपराला गेटची मोटर बसवली. पावसाचा थेंब ओळखणारी पट्टी लावली. आकाशाची उष्णता मोजून ढग आहे की नाही ते सांगणारा सेन्सर लावला. सगळं एका छोट्या कॉम्प्युटरला जोडलं. दिवेलागणीला छप्पर आपोआप उघडणार, दुर्बीण फोटो काढणार, ढग आला की आपोआप मिटणार. तीन महिने मी त्यात बुडाले होते. चाललं तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

"अप्पा, आता तुम्ही निवांत झोपा. काही करायची गरज नाही तुमची."

हेच शब्द. अजून आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

अप्पा म्हणाले, "बेस झालं." घोंगडी घडी घालून कपाटात ठेवली, आणि झोपायला गेले. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा खुर्चीच्या कडेला बसायला लागले. जेवण कमी झालं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मी टॉनिक आणलं. मला वाटलं, वय झालं. चार आठवड्यांनी ते पिशवी भरून दारात उभे. "जातो मी गावाकडं. हितं काय काम हाय?" मी भडकले. एवढं करते तरी तुमचं मन रमत नाही म्हणून वाट्टेल ते बोलले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पण रिकामी केली नाही. ती दाराशीच राहिली.

शिमग्याच्या आधी एका सकाळी मी वर गेले तर आरसा मातकट झालेला. छप्पर वेळेवर उघडलं होतं, वेळेवर मिटलं होतं, सगळे सेन्सर व्यवस्थित. आणि आरशावर, गिअरवर, कॅमेऱ्यावर बारीक पिवळट भुसकट. आमच्या घरामागं अजून थोडी रानं शिल्लक आहेत. तिथं आदल्या संध्याकाळी ज्वारीची मळणी चालली होती. अंधार पडल्यावर वारा फिरला आणि सगळं भुसकट आमच्या गच्चीवर आलं. सेन्सरला पाऊस कळतो, ढग कळतो. भुसकट त्याला काय कळणार?

मी खाली येऊन वैतागून सांगायला लागले. अप्पा चहा पीत होते. शांतपणे म्हणाले, "मला म्हाईत हुतं."

"काय माहीत होतं?"

"मळणी चालू हुती सांजच्याला. या दिसात वारं रातचं फिरतंच. भुसकट हिकडंच येनार हुतं."

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलं कुणी? मशीन हाय की तुजं."

ते रागानं बोलले नव्हते. तक्रारही नव्हती. मी मात्र उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. ते दुर्बिणीवरून नव्हतं. चार महिने हा माणूस माझ्या घरात काय होऊन राहिला होता, ते मला त्या एका वाक्यात दिसलं.

आरसा मी काढला, पाण्यात बुडवून ठेवला, कापसानं न दाबता धुतला. अप्पा शेजारी तांब्यानं पाणी ओतत बसले. त्याच दुपारी मी बाजारात जाऊन दारावरच्या घंटीची दोन बटणं आणली, एक हिरवं आणि एक लाल. गच्चीच्या दारापाशी भिंतीवर लावली. प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: हिरवं बटण दाबल्याशिवाय छप्पर उघडणार नाही, सेन्सर काहीही म्हणोत. हिरव्याखाली रंगानं लिहिलं "व्हय", लालखाली "न्हाय". अप्पांना वर नेलं.

"संध्याकाळी आभाळ बघायचं आणि सांगायचं. तुम्ही हो म्हटल्याशिवाय हे उघडणार नाही."

त्यांनी दोन्ही बटणांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, ओळखलं यांनी, लेक मन राखतेय. मग म्हणाले, "आनि मी चुकलो तर?"

"चुकलात तर मी ओरडेन."

"ते तर तू तशीबी वरडतीस."

त्या संध्याकाळी पिशवी रिकामी झाली.

पुढची अडीच वर्षं हा नेम चालला. दिवेलागणीच्या आधी अप्पा बॅटरी घ्यायचे, आणि जिना चढण्याआधी माझ्या खोलीच्या दारात उभे राहायचे. मी पेपर तपासत असायची, नाहीतर आदल्या दिवसाचे फोटो रचत. "काय, बरी हायस नव्हं?" मी मान वर न करता "हो हो" म्हणायची. मग ते सावकाश वर जायचे. बराच वेळ थांबायचे वर. मग मोटरचा घरघर आवाज यायचा, आणि मला कळायचं, आज व्हय. आवाज आला नाही तर न्हाय. ते खाली येऊन कारण सांगायचे, कधी वारा, कधी कुठंतरी जळणाऱ्या कचऱ्याचा धूर. बहुतेक वेळा बरोबर असायचे. कधी कारण सांगायचे नाहीत, नुसतं "आज नगं." तेव्हा मी वर जाऊन बघायची तर आभाळ काचेसारखं. मग माझं तोंड सुटायचं.

एकदा तर फारच. पश्चिमेला धूमकेतू आला होता, सूर्य बुडाल्यावर तासभर दिसायचा. ती मला मिळणारी शेवटची संध्याकाळ होती, दुसऱ्या दिवसापासून तो दिसणार नव्हता. आणि अप्पांनी लाल बटण दाबलं. मी धावत वर गेले. एक ढग नाही! मी त्यांना बोलले, "तुम्हाला दिसत नाही आता काही. उगाच कशाला चढता वर? माझं नुकसान करायला?"

त्यांनी भिंतीला हात टेकला. "दिसत न्हाय, ते खरं हाय. पर आज नगं."

मी खाली कॉम्प्युटरवरून छप्पर उघडू शकले असते. त्यांच्या परवानगीची गरज होती ती मीच घातलेल्या ओळीपुरती. पण रागानं मी तशीच अंथरुणावर पडले, आणि झोपले ते दुसऱ्या दिवशी दहालाच उठले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीच दोन्ही दिवस माझ्यासमोर चहा आणून ठेवला.

गेल्या थंडीच्या सुरुवातीला अप्पा गेले. सकाळी चहा घेतला, पडतो म्हणाले, आणि उठले नाहीत. त्यानंतर छप्पर उघडलं नाही. मी मुद्दाम बंद ठेवलं असं नाही. प्रोग्रॅम रोज संध्याकाळी बटणाची वाट बघायचा, कुणी दाबायचं नाही, आणि तो दुसऱ्या दिवसाची वाट बघायला लागायचा. ती ओळ काढायला दोन मिनिटं लागली असती. माझा हात गेला नाही.

ढगाचा सेन्सर परवा बिघडला. दुरुस्त करायचा तर जुन्या नोंदींशी ताडून बघावं लागतं, म्हणून मी अडीच वर्षांची यादी उघडली. रोजची एक ओळ. तारीख, सेन्सरनं काय सांगितलं, आणि शेवटी व्हय किंवा न्हाय. वाचता वाचता मी त्या ओळी शोधायला लागले, जिथं सेन्सर म्हणतोय आभाळ स्वच्छ आणि अप्पा म्हणतायत न्हाय. मला बघायचं होतं किती वेळा चुकले ते. खरं सांगते, एवढ्यासाठीच.

फार नव्हत्या. पण तारखा ओळखीच्या वाटल्या. एका तारखेला मी दवाखान्यातून गाठ तपासून आले होते आणि रिपोर्ट यायचा होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एक आईच्या श्राद्धाची. एका आठवड्यात सलग तीन न्हाय, तेव्हा माझं डोकं इतकं दुखत होतं की उजेड सहन होत नव्हता आणि तरी मी रोज फोटो काढायचे म्हणत होते. मी कपाटातली औषधांची फाईल काढली आणि एकेक तारीख लावत गेले. दोन-तीन ठिकाणी काहीच सापडलं नाही, तिथं अप्पा नुसते चुकले असतील. बाकी सगळ्या जुळल्या. धूमकेतूची संध्याकाळही होती. त्या दिवशी मला एकशे दोन ताप होता. फाईलमध्ये दुसऱ्या दिवसाच्या तारखेची डॉक्टरांची चिठ्ठी आहे, आदल्या संध्याकाळपासून ताप असं लिहिलेली. धूमकेतूच्या नादात तो ताप मी विसरूनही गेले होते.

अप्पा आधी माझ्या दारात उभे राहायचे. "काय, बरी हायस नव्हं?" मी मान वर करत नव्हते, पण ते बघत होते. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी माझा चेहरा कितीसा दिसत असेल? आवाज ऐकत असतील. मग वर जाऊन, आभाळ असेल तसं असो, ते माझ्यावरून ठरवायचे. मी त्यांना दुर्बिणीची राखण दिली होती. ते राखत होते मला, आणि मी त्यांना आंधळे म्हणाले.

आता हे कुणाला सांगू? अप्पा, मी चुकले हो.

सेन्सर दुरुस्त झाला. काल संध्याकाळी मी अप्पांची बॅटरी घेऊन वर गेले. आभाळ लख्ख होतं, वारा नव्हता, मागच्या रानात मळणी नव्हती, पश्चिमेला शुक्र ठळक दिसत होता. प्रोग्रॅम तयार होता. दोन दिवसांपासून माझा घसा धरलाय, अंगात कणकण आहे. मी दोन्ही बटणांपुढं थोडा वेळ उभी राहिले.

मग लाल बटण दाबलं आणि खाली येऊन झोपले.