सुरांच्या फळीखालचं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय — ते मलाही धड माहीत नाही.

लातूरला आमचं हार्मोनियमचं, म्हणजे पेटीदुरुस्तीचं दुकान. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कान पक्का आणि बढाया त्याहून पक्क्या. गिऱ्हाईक आलं की सुरू — आमच्या पणजोबांनी निजामाच्या काळात पायपेट्या घडवल्या, त्यांचा भाता असा, त्यांचे सूर तसे. त्यातली एकही पेटी कुणी पाहिलेली नव्हती. लोक हसायचे. अप्पाही हसायचे, पण गिऱ्हाईक गेलं की पुसलेलीच पेटी पुन्हा पुसत बसायचे. ते मला बघवायचं नाही.

मग रेणापूरच्या एका मठाच्या अडगळीतून जुनी पायपेटी आमच्याकडं विकत आली. मी एकटाच ती खोलत होतो. जुने कारागीर नाव बाहेर मिरवायचे नाहीत, आत सुरांच्या फळीखाली लिहायचे — वाचणार कोण, तर पुढं कधी पेटी उघडणारा. तिथं शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘मन्मथ मिस्त्री, अर्धापूर’.

काचपेपर हातात होताच. मी ते नाव घासून काढलं — आणि तिथं अप्पांच्या पणजोबांचं लिहिलं. मग अप्पांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, फळीला गाल लावला आणि रडले. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — आजही ते आठवून बरं वाटतं.

एवढंच असतं तर? पण एवढंच नाही.

दोन वर्षांनी एक म्हाताऱ्या मावशी दुकानात आल्या. म्हणाल्या, “माझा आजा पेट्या करायचा, मन्मथ मिस्त्री. आत नाव लिवायचा म्हणं. लई ठिकाणी हिंडून राहिले, एक बी गावली न्हाई.”

अप्पांनी कौतुकानं त्यांना आमची पेटी दाखवली, नावासकट. मावशींनी पट्ट्यांवरून हात फिरवला.

“तुमची तरी गावली,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “तुझ्या बघण्यात आली का रे बाबा, आमची?”

मी म्हणालो, “न्हाई, मावशी.”

अप्पांसाठी बोललो — असं मी मनाला सांगत आलो. अप्पांना जाऊन चार वर्षं झाली. आता कुणासाठी गप्प आहे? मावशी जाताना अर्धापूरचा पत्ता देऊन गेल्या होत्या. सकाळची एसटी धरली तर दुपारपर्यंत तिथं पोचता येतं. मी गेलेलो नाही.