राऊटरचा फेज गेला आणि उसाची ट्रॉली अडली

हसणार नसाल तर सांगते. नाही, तुम्ही हसणारच, आत्ताच ओठ दाबून बसलाय. हसा! फक्त चहा खाली ठेवून हसा, नाहीतर ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल. मी जे करून बसले ना, ते आठवलं की अजून बटणाला हात लावायला धजत नाही.

राजुरीच्या शिवारात आमची वस्ती. तिथली अंगणवाडी मी चालवते. पोरांची वजनं, उंच्या, आहार, सगळं मोबाइलमध्ये भरायचं. त्यामुळे वस्तीत माझी ख्याती अशी, की बाईंना मोबाइलमधलं सगळं येतं. कुणाच्या गॅसचा नंबर लागत नाही, चला बाईंकडे. कुणाचा फोन गप झाला, चला बाईंकडे. खोटं कशाला बोलू, ही ख्याती मला जरा चढली होती.

त्यात ऊसतोडीच्या दिवसांत सून राहायला आली. ऋतुजा. मुलगा कंपनीच्या कामाला परराज्यात गेलेला, आणि हिचं काम घरूनच, म्हणून महिनाभर आमच्याकडे. पोर गुणी आहे हो! पण नोकरी नवी, अजून कायम झालेली नव्हती. त्या दिवशी दुपारी तीनला साहेब लोकांपुढे व्हिडिओवर तिला आपलं काम दाखवायचं होतं. नीट दाखवलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी बसा. सकाळपासून पोरीच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

सराव करताना चित्र सारखं अडकत होतं. ती राऊटरकडे बघून म्हणाली, "आई, याचं फर्मवेअर जुनं झालंय. म्हणजे आतलं सॉफ्टवेअर हो. अपग्रेड करायला हवं."

"लई अवघड असतं का गं?"

"छे, दोन बटणं दाबायची. पण मधेच काही झालं तर राऊटर कायमचा जातो. म्हणून आज हात लावायचा नाही. मीटिंग झाली की करते."

आता ह्यातलं मी काय ध्यानात ठेवलं असेल? दोन बटणं! पुढचं सगळं या कानानं आलं, त्या कानानं गेलं.

दीड वाजता मी अंगणवाडीतून आले, तेव्हा ती केस धुवायला न्हाणीत गेलेली. मी म्हटलं, पोर बाहेर येईपर्यंत काम उरकून ठेवू. सुनेला कळू दे, सासू काही नुसती भाकऱ्या थापणारी नाही!

पासवर्ड राऊटरच्या बुडाला चिकटवलेला होता. मोबाइलवर त्याचं पान उघडलं, शोधत शोधत अपग्रेडपर्यंत पोहोचले आणि दाबलं. विचारलं, तुमची खात्री आहे का? मी म्हटलं, आहे. कशाची ते मला विचारू नका. मग लाल अक्षरांत सूचना आली, काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नका.

वाचली ना मी! नुसती वाचली नाही, अंमलातही आणली. राऊटरसमोर स्टूल टाकून पहाऱ्याला बसले. आमचे हे पाणी प्यायला आत आले, त्यांना दम भरला, "घरातल्या एकाबी बटणाला हात लावाल तर याद राखा!"

"आगं, पर मी काय केलं?"

"करायच्या आधीच सांगते."

"त्यापरीस गोठ्यात बसलेलं बरं," म्हणून हे निघून गेले. गेले नसते तर बरं झालं असतं.

इथे एक गोष्ट सांगावीच लागेल, नाहीतर तुम्हाला मी ठार वेडी वाटेन. आमच्या विहिरीवरची मोटर गेली वीस वर्षं मी चालवते. तिच्या पेटीवर तीन दिवे असतात, तीन फेजचे. तिन्ही लागले तर मोटर चालवायची. चालता चालता एक जरी विझला, तर फेज गेला. मग विचार करत बसायचं नाही, झडप घालून मोटर बंद करायची. दोन फेजवर चालली की जळालीच. एकदा माझ्या हातून जळाली होती, तेव्हा कांदा डोळ्यांदेखत वाळला. तेव्हापासून विझता दिवा दिसला की माझा हात माझ्या डोक्याला विचारत नाही.

तर राऊटरवर चार हिरवे दिवे. मी टक लावून बघतेय. एक विझला. मी स्टुलावरून उठले. दुसरा विझला. तिसरा पण विझला! आणि उरलेला एकटा फडफडायला लागला.

"अगं बाई, फेज गेला!"

खट्ट! वीज बंद.

बटणावर माझंच बोट होतं. मी त्या बोटाकडे बघत राहिले. हे कुणाचं? माझंच! लगेच बटण परत लावलं. एक लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी हात जोडले, राऊटरला "बाळा" म्हटलं, कुशीवर वळवून पाहिलं. काही नाही. पोरीची नोकरी! दोन बटणं दाबून मी सुनेची नोकरी घालवली!

तेवढ्यात ऋतुजा केसांना पंचा गुंडाळून बाहेर. "आई, नेट गेलं का?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते. पण त्याच वेळी रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, गाणी लावून, ऊस आभाळाला टेकलेला. मागच्या पंधरवड्यात असल्याच एका ट्रॉलीनं शेजारच्यांची रस्त्यावरून गेलेली नेटची वायर ओढून नेली होती. आणि माझ्या तोंडातून निघालं, "ट्रॉली गेली बघ आत्ता. वायर तोडली वाटतं मेलीनं."

एवढंच! एवढंच बोलले मी.

ऋतुजाचा चेहरा पांढराफटक. मोबाइलच्या रेंजची आमच्याकडे एक काडी, तीही पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर. त्यावर कसली मीटिंग होतेय? तिचे डोळे भरले तसे आमचे हे गोठ्यातून धावत आले. सुनेच्या डोळ्यांत पाणी म्हटल्यावर ह्यांच्या अंगात वारंच शिरलं.

"कुठं गेली ट्रॉली? थांब, बघतोच!" आणि टाकीला टेकून फोन लावला धाकट्या दिराला. नानाभाऊ फाट्यावर चहाच्या टपरीवरच असतात. "नाना, उसाची ट्रॉली येतीय तिकडं. अडव! वायर तोडून पळालीय!"

"आहो, जाऊ द्या की," मी म्हटलं. "गरीब माणसं हायेत."

"तू गप. तुझ्या ह्या दयेपायीच लोक डोक्यावर बसत्यात."

पुढच्या दहा मिनिटांत काय झालं, सांगू? नानाभाऊंनी मोटारसायकल आडवी लावून ट्रॉली अडवली. हे शेजारच्या दोघांना घेऊन माना वर करून तुटलेली वायर शोधत निघाले. मी मनात म्हणतेय, न तुटलेली वायर सापडणार कुठून? थोड्या वेळानं परत येतील.

आणि ओरडा आला, "घावली! घावली!"

तुटलीच नाही ती वायर घावली कशी? बाभळीवर एक काळी वायर लोंबत होती. कधीची, कुणाची, काही पत्ता नाही. ह्यांनी फोटो काढून, टाकीपाशी येऊन वस्तीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'पुरावा'. झालं! ग्रुपवर जो तो तुटून पडला. ट्रॉलीनं आमचा पाइप फोडला. ट्रॉलीच्या भोंग्यानं आमची म्हैस आटली. एकानं तर त्याचं कुत्रं चार दिवसांपासून गायब असल्याचं लिहिलं. माझ्या एका वाक्यावर सगळी वस्ती पेटली आणि मी टाकीला टेकून एकेक वाचत होते.

अडीचच्या आत नेटवाले सलीमभाई आले, ऋतुजानं फोन करून बोलावलेले. जुन्नरचे. डिशच्या काळापासून आमच्याकडची सगळी वायर त्यांनीच टाकलेली. त्यांनी पुरावा हातात घेतला, उलटसुलट केला. "भाऊ, ही तर माझी जुनी डिशची वायर. बारा वर्सं झाली लोंबतीय."

मग आत येऊन आमच्या वायरीला छोटं मशीन लावलं. "वायर ठणठणीत हाय. सिग्नल पुरा येतोय. जे काय झालंय ते घरातच झालंय."

सगळ्यांनी घराकडे बघितलं. घरात मी.

आता तरी बोलायचं ना? पण मी चहा टाकायला वळले. इतक्यात रस्त्यानं एक बाई पळत येताना दिसली, हातात कोयता! म्हटलं, आलं, मरण दारात आलं. जवळ आली तर सुमन. ट्रॉलीवाल्याची बायको. त्यांची टोळी मराठवाड्याकडची, आमच्याच शेजारच्या रानात ऊस तोडत होती. तिची लेक माझ्या अंगणवाडीत येते. कोयता खाली टाकून तिनं माझे पायच धरले.

"बाई, तुमी सांगा ना ह्यांना. मालक लई संबाळून हाकत्यात. वायरीखाली आलं की थांबत्यात. पारगावला कारखान्यावर आमचा नंबर हाय आज. नंबर गेला तर उद्यापतोर रांगेत उभं ऱ्हावं लागंल, तिकडं ऊस वाळंल, खेप बुडंल. तुमचं समदे ऐकत्यात, बाई. तुमी खोटं बोलत न्हाई."

तुम्ही खोटं बोलत नाही! माझ्या पायावर तिचे हात, उसाच्या रसानं चिकट झालेले. कुणी कानाखाली ओढली असती तरी एवढं लागलं नसतं. मला रडू फुटलं.

"सोडा ट्रॉली," मी म्हटलं. "नानाभाऊंना फोन करा. तिनं काय बी तोडलेलं न्हाई. राऊटर मी मारलाय."

"मारलाय म्हंजी?" आमचे हे.

"अपग्रेड करत व्हते. मधेच वीज बंद केली."

"लाइट तर हाय की!"

"मी बंद केली. दिवे विझले. मला वाटलं, फेज गेला."

आधी सलीमभाईंना कळलं. ते पायरीवर बसले, डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खांदे गदगदा हलायला लागले. "वैनी, हे सिंगल फेजवर चालतं हो! ह्याला फेज जायला फेज हायेत कुठं?"

मग काय विचारता! शेजारी हसले, हे हसले, रडवेली सुमनसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. एकटी ऋतुजा हसली नाही. तिनं घड्याळ बघितलं आणि विचारलं, "सलीमभाई, दुसरा राऊटर आहे का?"

होता! दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बसवायचा नवा राऊटर त्यांच्या स्कूटरच्या डिकीतच होता. तीनला पाच कमी असताना दिवे लागले. मी तिकडे बघितलंच नाही, दोन्ही हात काखेत दाबून मोरीशी उभी राहिले. मीटिंग झाली. आठवड्यानं नोकरी पक्की झाल्याचं कळलं. माझा जीव कुठे तेव्हा भांड्यात पडला.

पण त्या संध्याकाळी भाकरी टाकताना ती माझ्याजवळ येऊन बसली. "आई, राऊटरचा मला राग नाही आला. माझ्याहीकडून झालं असतं. पण मला लगेच सांगितलं असतंत तर तेव्हाच सलीमभाईंना दुसरा आणायला सांगितला असता. ट्रॉलीवर कशाला ढकललंत?"

भाकरी करपली.

तसं सलीमभाई नवा राऊटर जोडत होते तेवढ्यात मी फाट्यावर जाऊन आले होते. ट्रॉलीवाल्यापुढे हात जोडले, चारचौघांत म्हटलं, चूक माझी. कारखान्यावरचा नंबर हाताला लागणार का, एवढीच त्याला काळजी. लागला, देवाच्या कृपेनं. जाताना म्हणाला, "असू द्या बाई. तुमी खरं बोलला, आमचं नाव सुटलं."

मला वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय! दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ट्रॅक्टर थांबला. भोंगा वाजवला. मी पिठाचे हात घेऊन बाहेर आले. ड्रायव्हर कुणी भलताच, मी कधी पाहिलेलाही नाही. त्यानं गाणं बंद केलं, वर बोट दाखवलं आणि अदबीनं म्हणाला, "बाई, वायर बघून घ्या. शाबूत हाय का?"

"हाय."

"मग जाऊ?"

त्याच्या मागे दुसरा. दुसऱ्याच्या मागे तिसरा. सगळ्या टोळ्यांत बातमी पसरलेली, की त्या वस्तीवरून जाताना बाईंना वायर दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही! दिवसातून दहा-बारा वेळा मी बाहेर येते, मान वर करते, "हाय बाबा हाय, जा!" म्हणते. आमचे हे ओट्यावर बसून ओरडतात, "आगं ए साहेब, गाडी आलीय!"

काल तर कहर झाला. दारात बैलगाडी थांबली. बैलगाडी! तिच्यावरचा ऊस माझ्या खांद्याला लागेना आणि वायर पंधरा फूट वर. म्हातारा गाडीवान खाली उतरला, त्यानं बैलांना दम दिला, वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "बाबा, तुमी कशाला थांबला? तुमचा ऊस तितवर पोचतोय का?"

"पोचत न्हाई, बाई," तो म्हणाला. "पर त्या ट्रॉलीचा तरी कुठं पोचला व्हता?"