धुऱ्याअलीकडची काळी माती

सोनाळ्याच्या शिवारात झुंबरबाईच्या नादी कुणी लागत नसे. तिच्या वावरात शेळ्या घालणाऱ्या एका गड्याचा गुडघा तिनं फावड्याच्या दांड्यानं सुजवला होता आणि त्यालाच दवाखान्यात नेताना वाटभर शिव्याही घातल्या होत्या. नवरा कडूबा म्हणजे गरीब गाय. फक्त एका माणसापुढे तिचं तोंड बंद असे, तो थोरला दीर, भासरा उत्तमराव. भासऱ्याशी बाईनं बोलायचं नाही ही रीत तिनं पदर पुढे ओढून संसारभर पाळली. बोलायचंच झालं तर नवऱ्याकडे तोंड करून बोले. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकावं.

दोघा भावांची वावरं लागून, मध्ये धुरा, म्हणजे बांध. माती अशी, की कापसाची मुळं कुठवर खाली गेली ते कुणी पाहिलं नाही. लेक प्रतीक्षानं एकदा भूगोलाचं पुस्तक वाचून सांगितलं, की ही माती मुळात ज्वालामुखीची आग. भुई फाटून तापलेला रस वाहिला, थरावर थर बसले, थिजून काळा दगड झाला आणि तो दगड उन्हापावसात झिजत कोट्यवधी वर्षांनी ही काळी झाली. म्हणून ती ओल धरते, म्हणून पाऊस गेल्यावरही तूर उभी राहते. विहिरीचा दगड त्याच आगीचा, घरातला पाटा-वरवंटाही त्याच आगीचा.

"म्हंजे भुई एवढी जळली, तवा आपल्याले भाकर भेटली?" झुंबरबाईनं विचारलं. मग संध्याकाळपर्यंत तिनं कुणाला एक शिवी दिली नाही. घरच्यांना ज्वालामुखीपेक्षा त्याचंच नवल वाटलं.

पिंपळगाव राजाला, तिच्या माहेरी, भाऊ भागवतनं वरची माती वीटभट्टीला दिली होती. खाली मुरूम उघडा पडला. पेरलेलं बी वितभर वर आलं आणि करपलं. ते पाहून ती भावाच्या अंगावर धावून गेली आणि माहेर तिथंच तुटलं.

तेच पुढे उत्तमरावनं केलं. त्यानं आपल्या वावरातली सगळी काळी भट्टीला विकली. ते त्याचं तो जाणे. पण मातीउपशाचं पोकलेन धुरा ओलांडून इकडे आलं, तेव्हा झुंबरबाई त्याच्यापुढे उभी राहिली.

"तुमच्या भावाले सांगा," ती कडूबाकडे पाहून ओरडली, "धुऱ्याच्या इकडं बकेट टाकली त हात तोडून ठेवीन!"

"धुरा खरा कुठं होता ते तिले काय ठाव?" उत्तमरावही कडूबालाच म्हणाला. "बापानं मोजला तवा मी होतो, ते नवती."

फावडं भिरभिरत गेलं आणि पोकलेनची काच फुटली. उत्तमरावनं जवळचा दांडा उचलून तिच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज कडूबाला उभ्या जागी ऐकू आला. गावातल्या चार शहाण्यांनी घरचं भांडण म्हणून अंग काढून घेतलं. पोकलेनवाला म्हणाला, काच बसवून परत येतो.

आता तिच्याकडे एक हात उरला होता आणि विहिरीवरची मोटर. तूर निघून वावर मोकळं पडलेलं, चैत्राच्या उन्हानं बैलाचा पाय अडकेल एवढ्या भेगा. दिवसाची लाईन आल्याबरोबर तिनं धुऱ्याजवळच्या पट्ट्यात पाणी सोडलं.

"रिकाम्या वावरात पानी काऊन सोडून राह्यली वं?" कडूबानं विचारलं.

"तहान लागली तिले," ती म्हणाली.

भेगा प्यायच्या तेवढं प्यायल्या आणि मिटल्या. उन्हानं वरचा पापुद्रा वाळवला, खाली नुसता चिखल राहिला.

काच बसवून पोकलेन परत आलं, त्याच्यापुढे माती न्यायचा टिप्पर. उत्तमराव त्याच्या बगलेला उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करत होता. धुरा ओलांडताच चाकं पापुद्रा फोडून खाली गेली. ड्रायव्हरनं जोर लावला तशी आणखी गेली आणि टिप्पर उत्तमरावच्या अंगावर कलंडला. चिखल मऊ म्हणून तो जागच्या जागी चिरडला नाही. मांड्यांपर्यंत टिप्परखाली दाबला गेला आणि गुरासारखा ओरडू लागला.

झुंबरबाई फावडं घेऊन धावली. त्या घडीला तिला बरं वाटलं होतं, आणि हे तिनं पुढे कुणापासून लपवलं नाही. त्याच्या डोक्याशी तिनं फावडं उचललं तेव्हा कडूबानं डोळे मिटले. फावडं पडलं ते चिखलात. मोडका हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातानं ती त्याच्या तोंडाजवळचा चिखल ओढत होती, आणि ओढला तेवढा परत येत होता.

पोकलेनवाला धुऱ्यावरच थांबला. आत आलो तर मीही रुतेन, म्हणाला. टिप्पर उचलायचा तर चिखलात मुरूम टाकून पोकलेनला वाट करावी लागेल, पुष्कळ टाकावा लागेल. उत्तमरावच्या उघड्या वावरात मुरूम हवा तेवढा होता. पण काळीत मुरूम गेला की तो पट्टा मेला, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळे तिच्याकडे पाहू लागले. उत्तमरावही.

ती मातीकडे पाहत राहिली. मग तिला रडू फुटलं, रागाचं रडू.

"टाका!" ती ओरडली. "टाका ना बे, पाहून काय राह्यले?"

उत्तमराव वाचला, एक पाय गेला. त्या पट्ट्यात पुढे धड काही उगवलं नाही. झुंबरबाई टोपल्यानं मुरूम वेचते, शिव्या देते, पुन्हा वेचते.

एका सकाळी उत्तमराव कुबडीवर धुऱ्यापाशी आला. बराच वेळ तिचं वेचणं पाहून कडूबाला म्हणाला, "तिले म्हनावं, राहू दे आता. जेवढी काळी गेली तेवढी मी भरून देतो."

झुंबरबाईनं भासऱ्याच्या वावरावर नजर टाकली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा मुरूम पसरला होता. तिनं पदर पुढे ओढला.

"तुमच्या भावाले इचारा," ती नवऱ्याला म्हणाली, "कुठून आनता?"