गोलमागची जागा

देवळाली प्रवऱ्यात तारा क्लबचा फुटबॉलचा सामना असला की सॅमसन सकाळीच मैदानावर जाऊन फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायचा. बावीस वर्षं. शाळेत शिपाई होता तेव्हाही, निवृत्त झाल्यावरही. मग गोलमागच्या दगडावर बसायचा. नाताळ चषकाच्या तीन फायनलमध्ये क्लबला हरताना त्यानं त्याच दगडावरून पाहिलं. पहिली क्लबच्याच एका पोराच्या पायाला लागून झालेल्या गोलनं, दुसरी खांबावर आपटलेल्या पेनल्टीनं. तिसरी गेल्या वर्षी, शेवटच्या मिनिटाला. त्या दिवशी तो जेवला नव्हता.

यंदा क्लब पुन्हा फायनलला पोचला आणि नाव झालं ते कानिफनाथचं.

मैदान सपाट करायला ट्रॅक्टर घेऊन आलेला हा शेतकरी पहिल्या सामन्याला सहज थांबला, सॅमसन फक्कीचं घमेलं ठेवायला गेला तेवढ्यात दगड रिकामा दिसला म्हणून टेकला, आणि तेव्हापासून क्लब हरला नाही. पोरं त्याला तिथून उठू देईनात. सेमीफायनल जिंकल्यावर तर त्याला खांद्यावर घेऊन नाचली. ऑफसाइड कशाला म्हणतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला! सॅमसननंही टाळ्या वाजवल्या. हातांची फक्की उडून त्याच्याच डोळ्यांत गेली.

फायनलच्या आदल्या दुपारी सॅमसन सरावासाठी रेघा मारत असताना कप्तान एडविन धावत आला.

"मामा, घोळ झाला. कानिफकाकांच्या उसाला उद्याच तोडणीची टोळी येतीय. गाडी भरेस्तोवर त्यांना हलता यायचं न्हाई."

सॅमसनला आत कुठंतरी गार वाटलं. रेघेवरची नजर न काढता तो म्हणाला, "मग काय झालं? मी बसतो की दगडावर. इतकी वर्षं कोण बसत हुतं?"

एडविन बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. ते वाकणं सॅमसनला शिवीसारखं लागलं.

सरावात गोलकीपरनं अगदी सोपा बॉल सोडला आणि वळून रिकाम्या दगडाकडे पाहिलं. एकदा नाही, दोनदा. पोरं घाबरलेली होती. सॅमसननं घमेलं उपडं घातलं आणि पाटाकडेच्या कानिफनाथच्या उसाची वाट धरली.

"उद्या टोळीपाशी मी थांबतो. तू जा," त्यानं कानिफनाथला सांगितलं.

"अहो भाऊ, ह्या चषकाची लई दिस वाट बघताय तुमी! म्या काय, बसायचं म्हनून बसतो."

"तेच तर," सॅमसन म्हणाला. "बस. पन उजव्या अंगाला सरकून. डावी बाजू माझी हाय."

"तुमी तर इथं असनार!"

"तरी पन."

दुसऱ्या दिवशी चारला शिट्टी ऐकू आली. मैदान हाकेच्या अंतरावर. मध्ये पाट आणि बाभळी. टोळी मोळ्या बांधत होती. सॅमसन बांधावर, मैदानाकडे पाठ करून उभा राहिला. वळला असता तर पाय थांबले नसते.

बऱ्याच वेळानं आरोळी उठली. उसातले बगळे उडाले. सॅमसनच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की घेतला असणार त्याला खांद्यावर.

"काय झालं हो, भाऊ?" चहा घेऊन आलेल्या राहीबाईनं, कानिफनाथच्या बायकोनं विचारलं.

तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. एवढी मोठी आरोळी आपल्याच गावाची.

"गोल झाला, वहिनी," तो म्हणाला. "आपला."

मग त्यानं घड्याळ बघितलं. सामना संपायला अजून पाऊण तास होता. चहा हातात तसाच राहिला.