धुतलेला मोर

आज सकाळी नातीच्या केसांसाठी रिठे भिजवले आणि त्या वासासरशी मी औरंगपुऱ्यातल्या जुन्या गच्चीवर जाऊन पोचले. त्या गच्चीखालच्या दोन खोल्यांत कार्टूनचा सिनेमा बनायचा. थोरली बहीण नंदाताई आणि मी तिथं पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावांवर मोर रंगवायचो. मोराच्या एकेका हालचालीला एकेक ताव. कॅमेऱ्यानं तो टिपला की आम्ही गच्चीवर नेऊन रिठ्याच्या पाण्यात धुवायचो. ताव महाग होते. वाळले की त्यांच्यावरच मोराचं पुढचं पाऊल यायचं.

एका दुपारी ताईनं एक ताव बुडवता बुडवता मधेच थांबवला आणि उन्हात स्वतःच्या तोंडासमोर धरला. मोराची निळी मान तिच्या गालावर उतरली, पिसारा कपाळावर; मोराच्या आरपार तिचे हसरे डोळे दिसत होते.

"सांग, कोण लई देखणं? मोर का मी?"

"मोर!" मी चिडवलं.

"व्हय? मग घे बघून, चालला तुझा मोर," म्हणत तिनं हसत हसत ताव बादलीत सोडला. पाणी निळं झालं आणि बादली ओतताच पन्हाळीतून गल्लीत वाहून गेलं.

ताई आता नाही. आमचा तो सिनेमा मात्र साफसूफ होऊन पुन्हा थिएटरात लागलाय. संध्याकाळी नातीला घेऊन गेले. पडद्यावर तोच मोर आला, तसाच निळाशार. नात टाळ्या पिटत होती. मी डोळे बारीक करून बघत राहिले.

आता त्याच्या आरपार काहीच दिसत नाही.