दादाभाऊंचा जपान

आमच्या वस्तीत दादाभाऊंना जगाची माहिती आहे, असं समजतात. वस्ती पेठ गावाच्या अलीकडे, महामार्गाला लागून. ते इथल्याच प्राथमिक शाळेत शिकले, मंचरला बटाट्याच्या व्यापारात शिरले आणि पैसा आल्यावर शर्यतीचे बैल बाळगू लागले. बैल पंख्याखाली असतात, अंडी खातात, दूध पितात. शाळेचं छप्पर गळतं हे दादाभाऊंना कधीपासून ठाऊक आहे. पण नवी कमान आणि बसायच्या पायऱ्या त्यांनी बांधून घेतल्या त्या बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटावर.

गेल्या वर्षी ते लेकीकडे, इंद्रायणीकडे, महिनाभर जपानला राहून आले. तेव्हापासून चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही. तिथली पोरं स्वतः वर्ग झाडतात, रस्त्यावर कागद दिसत नाही. सांगण्याचा थाट असा, की जपान यांनीच वसवला.

मार्चमध्ये कळलं, पट कमी म्हणून आमची शाळा बंद होणार आणि मुलं महामार्गापलीकडच्या शाळेत जाणार. माझी समृद्धी यंदा तिसरीत. हात सोडून पळणारी पोर, आणि त्या रस्त्यावरून कांद्याचे ट्रक दिवसभर धावतात. ग्रामसभेनं विरोधाचा ठराव केला तर निदान वर्षभर तरी हे लांबेल, असं शाळेतल्या बाई म्हणाल्या. म्हणून ठराव मीच मांडला. सरकारला पोरांवर खर्च नको झालाय, एवढंच बोलले.

दादाभाऊ उठले. मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी वाचून दाखवलं, की देशाच्या उत्पन्नातला जेवढा टक्का जपानचं सरकार शिक्षणाला देतं, त्याहून आपला टक्का जास्त आहे.

"जपानपरीस जास्त देतो आपण," ते म्हणाले, "अन् ह्या म्हणत्यात सरकार देत न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. टक्का ऐकला की आमच्याकडे माना आपोआप हलतात.

मी विचारलं, "दादाभाऊ, वजन न बघता नुसत्या भावावर तुम्ही कधी बटाट्याचा हिशोब केलाय का? त्यांचं उत्पन्न केवढं, आपलं केवढं? त्यांची पोरं किती, आपली किती? एका पोराच्या वाट्याला काय येतं ते वाचा की."

मागे कुणीतरी हसलं. जिचा नातू याच शाळेत आहे ती लंकाबाई म्हणाली, "वाचा की भाऊ, आमी ऐकतोय."

दादाभाऊंनी मोबाइल खिशात टाकला. "हिशोब लई झ्याक येतो वस्तीच्या सूनबाईला. मग लेकीला मंचरला इंग्लिश मीडियमला घाल की."

मग हात वर करायची वेळ आली. यात्रा आणि तिच्यातल्या बैलगाडा शर्यती पंधरवड्यावर होत्या. कुणाचा गाडा सकाळी पळणार आणि कुणाचा भर उन्हात, हे यात्रा कमिटी ठरवते, आणि कमिटी म्हणजे दादाभाऊ. त्यामुळे चैत्रात त्यांच्याशी कुणी वाकडं घेत नाही. बायकांचे हात वर गेले. ज्यांच्या दावणीला बैल, त्या बापांपैकी एकाचाही गेला नाही. माझा नवरा गोरख शेजाऱ्याबरोबर जोडीत बैल पळवतो. तो स्वतःच्या चपलांकडे बघत बसला. मोजणी संपेपर्यंत मी त्याच्याकडे बघत होते. ठराव पडला.

बाहेर दादाभाऊ माझी समजूत घालायला आले. मनावर घेऊ नकोस म्हणाले. जपानमध्ये म्हातारी माणसं हातात झेंडा घेऊन रस्त्यावर उभी राहतात, पोरांसाठी गाड्या थांबवतात, हे त्यांनी स्वतः पाहिलंय.

"मग जूनपासून तुम्ही उभे राहा," मी म्हटलं.

ते हसले. "इथं ट्रकवाला झेंड्याला थांबतो व्हय?"

एवढं मात्र त्यांना बरोबर ठाऊक होतं.

यात्रेत गोरखचा गाडा सकाळी पळाला. परवा रस्त्यापलीकडची शाळा सुरू होतेय. पहिल्या दिवसाची रजा मी कामावर टाकली आहे. दुसऱ्या दिवशी समृद्धीला रस्ता कोण ओलांडून देणार, ते अजून ठरलेलं नाही.